मला गरम असताना विचारा

मित्रांनो, मी एक जुनी काडी आहे. आगपेटीतली नव्हे, आणि दोन घरांमध्ये लावून देतात ती काडी तर मुळीच नव्हे. मी पोलादाची आहे, हातभर लांब आहे, सुरीच्या पात्यासारखी चपटी आहे आणि वेतासारखी लवते. एका ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये एक बारीक नळी उतरते, त्या नळीत माझा मुक्काम असतो. खालचे टोक तेलात बुडालेले, वरच्या टोकाला बोट अडकेल एवढे लाल कडे. कुणी ते कडे धरून मला बाहेर ओढले, की माझ्या अंगावर तेल कुठवर चढले आहे ते दिसते. तेल पुरेसे आहे की नाही, एवढे एकच उत्तर मला देता येते. माझे सारे आयुष्य त्या एका उत्तरात गेले.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पट्टीतून मला कापले, कडा घासल्या, टोकाजवळ चार आडव्या रेघा ओढल्या. खालच्या दोन रेघांपाशी 'गार' या अर्थाची अक्षरे ठोकली आणि वरच्या दोन रेघांपाशी 'गरम' या अर्थाची. कारण तेल तापले की फुगते आणि वर चढते. तेच तेल, तेवढेच तेल, सकाळी गार असताना खालच्या रेघांत असते आणि गाडी धावून आली की वरच्या रेघांत. ठोकणाऱ्याने ठसा जरा हलकाच मारला. हे वाचायला वाकतो कोण, असे त्याला वाटले असावे. तसा तो फारसा चुकला नाही.

आता थोडे आमच्या घराविषयी सांगते. साध्या गाडीत चालवणारा डाव्या पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. आमच्यात ते काम तेल करते. एक पंप तेल ओढतो आणि जोराने पुढे लोटतो. ते तेल चकत्यांवर दाब देते, चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि चाके फिरतात. म्हणजे आमच्यात तेल हे नुसते वंगण नाही. तेच हात आणि तेच पाय. माझ्या शेजारच्या नळीत माझी थोरली बहीण राहते, पिवळ्या कड्याची. ती इंजिनाचे तेल सांगते. तिला सगळे ओळखतात. तिला विचारायचे ते इंजिन बंद करून, आणि मला विचारायचे ते इंजिन चालू ठेवून. ती झोपेत खरे बोलते, मी जागेपणी.

आमची गाडी ज्या घरात आली त्या घरातली आई पुस्तकांची बांधणी करीत असे. वाचनालयातली फाटकी पुस्तके तिच्याकडे येत. ती पुस्तके ती उसवी, शिवी, त्यांना नवा पुठ्ठा आणि कापड चढवी, लोखंडी शिकंज्यात दाबून ठेवी, आणि पुन्हा लोकांच्या हाती देण्याजोगी करी. तिचा डावा पाय लहानपणच्या आजारपणापासून अशक्त होता. क्लच दाबणे तिला जमणारे नव्हते. म्हणून तर बाबांनी मुद्दाम ही बिनक्लचची गाडी शोधून आणली. बाबा जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यात होते. गाडी आणली त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे घरातल्या लेकीचा काका, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दादा, ही गाडी तू चालवणार की ती तुला?"

"आम्हा दोघांना तुझी वहिनी चालवणार," बाबा म्हणाले.

आई खरोखरच शिकली. पहिले काही दिवस तिचा डावा पाय उगाचच क्लच शोधत राही. पुढे तो निवांत बसायला शिकला. तिच्या हाताखाली गाडी कधी घाईत नसे. चकत्यांनाही ते कळे. कोण हळुवार चालवतो आणि कोण मागे वाघ लागल्यासारखे, हे गिअरबॉक्सला पोटातून कळते, मित्रांनो.

बाबांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर आठवड्याची एक फेरी त्यांनी स्वतःकडे घेतली. सकाळी बांधून झालेले गठ्ठे मागच्या सीटवर ठेवायचे, टेकडीवरच्या शाळेच्या वाचनालयात पोचवायचे, तिथली फाटकी पुस्तके घेऊन उतरायचे आणि अंगणात येऊन उभे राहायचे. अंगणात आल्यावर ते इंजिन बंद करीत नसत. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका खाचेत नेत, प्रत्येक ठिकाणी जरा थांबत आणि परत पहिल्या खाचेत आणत. मग उतरून बॉनेट उघडत आणि मला बाहेर काढत. पुसायला आईच्या बांधणीच्या कापडातला एखादा तुकडा असे. त्याचे धागे सुटत नाहीत. एकदा पुसायचे, पुन्हा नळीत घालायचे, पुन्हा काढायचे आणि मगच बघायचे.

"अरे, गिअरचं तेल दर आठवड्याला कोण बघतं?" काका विचारी. "डॉक्टरसुद्धा इतक्यांदा नाडी बघत नाही."

"तू नको बघूस. मी बघतो," बाबा म्हणत. मग पायरीवर दात घासत उभ्या असलेल्या लेकीकडे वळून सांगत, "मोजणाऱ्याने आधी थांबायचं, मग वाकायचं. हा वाकतो आधी आणि थांबतच नाही."

ते माझे सुखाचे दिवस होते. तेल लालचुटूक असे, माझ्यावर वरच्या दोन रेघांच्या मधोमध त्याची ओल स्वच्छ उमटे, आणि बाबा "शाबास" म्हणत. मला म्हणत की तेलाला, कोण जाणे. मी ते माझ्याकडे घेई. आई फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा घ्यायला दारात येई. लेक मोठी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तिथे तिने चौथ्या मजल्यावर घर घेतले. सुट्टीला आली की ती अजूनही त्याच पायरीवर दात घासत उभी राही. आई, काका आणि लेक, तिघांनी मिळून बाबांना हजारदा तरी माझ्यावर वाकलेले पाहिले असेल. इतकी वर्षे पुसून पुसून माझ्यावरची 'गार' आणि 'गरम' ही अक्षरे मात्र नाहीशी झाली. राहिल्या नुसत्या चार रेघा. बाबांना अक्षरांची गरज नव्हती.

मग एका आठवड्यात मला कुणी बाहेर काढले नाही. पुढच्याही नाही. बॉनेटखाली मला फक्त आवाज येत होते. अंगणात खूप चपला आल्या, खुर्च्या सरकल्या, हळू आवाजात बोलणे झाले. मग चपला एकेक करून कमी झाल्या आणि खुर्च्या कुणीतरी एकात एक रचून ठेवल्या.

त्यानंतर एका सकाळी बॉनेट उघडले आणि माझ्या कड्यात जे बोट आले ते ओळखीचे नव्हते. त्याला खळीचा वास होता. आई होती. तिने आधी गाडी सुरू केली होती, अगदी बाबांसारखी. दांडाही एकेका खाचेत फिरवला होता. मला पुसले, परत घातले, काढले. सगळे बरोबर केले. फक्त गाडी रात्रभर अंगणात उभी होती. तेल थंडगार होते. ते गार तेलाच्या रेघांत जिथे असायला हवे तिथेच होते. पण आईने वर्षानुवर्षे तेल पाहिले होते ते वरच्या रेघांत.

"अगं बाई, कमी झालंय," ती स्वतःशीच म्हणाली.

मला ओरडून सांगावेसे वाटले, की आई, जरा फिरवून आण आणि मग विचार. पण मला आवाज नाही. मला फक्त ओल दाखवता येते. बाबा मला बघायचे ते टेकडीवरून उतरून आल्यावर, गिअरबॉक्स चांगला तापलेला असताना. घरातल्यांना दिसायचे ते अंगणात आल्यापुढचे. त्याआधीची टेकडी कुणी मोजलीच नव्हती.

आईने कपाटातून बाबांनी आणून ठेवलेला डबा काढला, नरसाळे लावले आणि हात आखडून थोडेसे तेल ओतले. लेकीचा आत नुकताच डोळा लागला होता. ती रात्रभर जागीच असते हे आईला ठाऊक होते. म्हणून तिने बॉनेट अलगद, आवाज न करता मिटले. कुणाला काही सांगितले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला कुणाला त्रास, असे तिला वाटले असेल.

काही दिवसांनी काका आला. तो रोज काही ना काही निमित्त काढून येत असे. कधी नळ बघायला, कधी दिवा बदलायला. आई आत होती. त्याने गाडी सुरू केली, मला ओढून काढले, डोळ्यांजवळ नेले. आईने ओतूनही तेल अजून वरच्या रेघेला टेकले नव्हते; गारच होते ना ते.  "दादाने असं होऊ दिलं नसतं," तो म्हणाला आणि बाबांच्या डब्याला हात न लावता, स्वतः जाऊन नवा डबा घेऊन आला. वहिनीला कळले तर तिला वाईट वाटेल, म्हणून त्यानेही काही सांगितले नाही.

आता तेल वाजवीपेक्षा पुष्कळ झाले होते. गिअरबॉक्सच्या पोटात जे भाग गरगर फिरतात, त्यांना एरवी तेल शिवत नाही. ते आता तेलात बुडू लागले. घरी ताक घुसळताना पाहिले असेल तुम्ही. तसे ते तेल घुसळू लागले. फेस झाला. आणि मित्रांनो, फेसाला बळ नसते. पंप तेल लोटायला जायचा आणि हातात यायचे बुडबुडे. चकत्यांवर दाब पुरेना. त्या एकमेकींना धरायच्या आणि निसटायच्या. आई दांडा पुढच्या खाचेत आणी, गाडी जागची हलत नसे. मग एकदम हिसका देऊन निघे. रस्त्यावर इंजिन घोंघावे आणि वेग मात्र वाढत नसे.

यात आणखी एक वाईट गोष्ट होती. तेल कमी पडले तरी गाडी अशीच वागते. मधे आपल्या शहरात परत गेलेली लेक त्या दिवसांत पुन्हा आली. तिने अंगणातून गाडी बाहेर काढताना तो हिसका अनुभवला, लगेच परत आणली आणि मला बाहेर काढले. माझ्या अंगावर नुसते बुडबुडे आणि ओघळ होते, रेघ म्हणून दिसत नव्हती. "रेघच नाही उमटत," ती म्हणाली. "आईचं लक्ष कुठे असणार यात आता." तिने मला हातात घेऊन पायरीकडे पाहिले. मग बाबांचा डबा काढला आणि उरलेले सगळे तेल ओतून तो रिकामा केला. आईला तिने काही सांगितले नाही. आईला दोष दिल्यासारखे होईल, असे तिला वाटले.

मी किती वेळा स्वतःलाच विचारले, की तिघांपैकी एकाने जरी दुसऱ्याला म्हटले असते, "अगं, आज मी तेल घातलं," तर? पण ते घर त्या दिवसांत असेच चालले होते. तिघेही एकमेकांच्या समोरून चवड्यांवर चालत.

काकाने दोन-चार जणांना विचारले. सगळ्यांनी लक्षणे ऐकून मान हलवली. गिअरबॉक्स गेला, दुसरा बसवायचा तर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च. शेवटी जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एक माणूस काकानेच शोधला. तो सोमवारी येणार होता. त्याआधी अंगणात झालेले बोलणे मी बॉनेटखालून ऐकले.

"आई, गाडी गेल्यावर तू इथे एकटी काय करणार? माझ्याकडे चल," लेक म्हणाली.

"आणि पुस्तकं?"

"तिकडेही वाचनालयं आहेत."

"असतील. माझा शिकंजा कुठे ठेवशील? तुझ्या बाल्कनीत? खालचा माणूस भांडायला येईल. छत फोडून डोक्यात पडेल त्याच्या."

"वहिनी, ती चेष्टा करत नाहीये," काका म्हणाला.

"मी कुठे करतेय? लोखंडी आहे तो."

 मग लेक म्हणाली, "मला तिकडे रात्री फोन वाजला की धडकी भरते. एवढंच आहे माझं. बाकी काही नाही."

आई म्हणाली, "येईन. पण शाळेची पुस्तकं बांधून झालीत, ती माझ्या हाताने पोचवून येईन. मग ने गाडी कुठे न्यायची ती."

मला तेव्हा कळले की माझ्या एका उत्तरावर किती गोष्टी टांगलेल्या आहेत. गाडी गेली की गठ्ठे जाणार नाहीत. गठ्ठे गेले नाहीत की शिकंजा जाईल, शिकंज्यामागून ते घर जाईल. आणि पुस्तके शिवणारी ती बाई चौथ्या मजल्यावर दुसऱ्याच्या घड्याळावर जगू लागेल. हे सारे चुकीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नामुळे. उत्तर माझे खरे होते. प्रश्न गार होता.

शेवटच्या फेरीला लेक चालवायला बसली, आई शेजारी. गावातून जाईपर्यंत गाडी कशीबशी चालली. तेल तापत गेले, फुगत गेले, फेस वाढत गेला. टेकडीचा चढ सुरू झाला तसे इंजिन घोंघावू लागले आणि गाडी उभी राहिली. मग हळूहळू मागे घसरायला लागली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

"ब्रेक!" आई म्हणाली.

"दाबलाय गं!"

"मग आता तशीच मागे घे. खाली त्यांचा मेकॅनिक आहे. घाबरू नकोस, मी मागे बघते."

चढाच्या पायथ्याशी एक गॅरेज होते. बाबा वर्षाकाठी एकदा गाडी तिथेच दाखवत. लेकीने गाडी मागे घेत गॅरेजच्या सिमेंटच्या अंगणात आणली आणि किल्ली फिरवायला हात घातला.

"बंद करू नका!" मेकॅनिक आतून धावत आला. जाडजूड माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. "राहू द्या चालू. तापलीय ना? मग आत्ताच सांगेल ती काय ते. बंद केलीत की तोंड मिटेल."

त्याने आईला ओळखले. "साहेब आले नाहीत?" असे विचारायला तोंड उघडले, आईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते तसेच मिटून घेतले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून कामाला लागला. लेकीने तोवर काकाला फोन केला होता. सोमवारच्या माणसाला आजच बोलवावे का, हे विचारायला. काका स्कूटरवरून तिथेच आला.

मेकॅनिकने लेकीला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून दांडा एकेका खाचेत फिरवायला लावला. मग त्याने माझे कडे धरले.

मित्रांनो, बाबा गेल्यानंतर त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणी गरम असताना बाहेर काढले.

फेस रेघांच्या कितीतरी वर, जवळजवळ माझ्या कमरेपर्यंत आला होता. मेकॅनिकने मला पुसले, परत घातले, पुन्हा काढले. तेच. त्याने माझे टोक एका पांढऱ्या कागदावर टेकवले आणि तेलाचा डाग पसरताना पाहत राहिला. मग बोटावर तेल घेऊन नाकाशी नेले. चकत्या जळल्या की तेल काळपट होते आणि करपल्याचा वास येतो. एकदा तो वास आला की माझ्यासारख्यांच्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते.

"किंचित काळवंडलंय," तो म्हणाला. "पण करपलेलं नाही. निदान मला तरी नाही वाटत. तेल कोणी टाकलं यात?"

आई म्हणाली, "मी. थोडंसंच."

"थोडंसं नाही हो हे."

काका खाकरला. "मीही टाकलं. एक डबा. म्हणजे, जवळजवळ."

आईने त्याच्याकडे पाहिले. मग दोघांनी लेकीकडे पाहिले.

"मी पण," लेक म्हणाली.

मेकॅनिकने तिघांवरून नजर फिरवली. "आणखी कोणी? शेजारीपाजारी? दूधवाला?"

"कमी दिसत होतं," आई म्हणाली. "मी त्यांच्यासारखंच बघितलं. गाडी चालू ठेवून, अंगणात, सकाळी…" आणि ती थांबली. तिचा हात तसाच हवेत राहिला. "सकाळी ते गठ्ठे टाकून आलेले असायचे."

"म्हणजे?" काकाने विचारले.

"अरे, ते टेकडीवर जाऊन यायचे. अंगणात आले की मग बघायचे. आम्ही बघितलं ते तिथून पुढचं."

"मी तर दात घासत असायचे," लेक म्हणाली. "मला वाटायचं बाबांचा दिवस अंगणातच सुरू होतो."

मेकॅनिकने मला उन्हात धरून माझ्या चार रेघांवरून अंगठा फिरवला. "इथे खाली गार, वर गरम, असं लिहिलेलं असतं. पुसलं गेलंय. साहेबांनी पुसून पुसून साफ केली होती हिला. मीसुद्धा नुसता आवाज ऐकून सांगितलं असतं, तर म्हणालो असतो की खोला. नशीब, तापलेली आणलीत."

त्याने इंजिन बंद करून मला बाजूला ठेवले आणि माझ्या नळीतून एक बारीक रबरी नळी आत सोडली. हातपंपाने तो तेल ओढू लागला. खाली पत्र्याचे एक पसरट घमेले ठेवले होते, त्यात तेल पडू लागले. आधी फेस पडला, मग फेस बसत गेला आणि खाली लाल तेल साचत गेले. तो थांबे, मला आत घालून बघे, इंजिन सुरू करायला सांगे, मान हलवी आणि पुन्हा पंप मारी. घमेले भरत आले.

आई लंगडत जवळ आली आणि त्यात डोकावली.

"एवढं?" ती म्हणाली.

"एवढं," मेकॅनिक म्हणाला.

"बिचारी. हिच्या घशात आपण तिघांनी…" आईला पुढे बोलता येईना. मला वाटले ती रडणार. ती हसत होती. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. काका म्हणाला, "दादा असता तर आपल्या तिघांना ओळीने उभं केलं असतं," आणि तोही हसू लागला. लेक गाडीच्या दाराला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता आणि तिचे डोळे वाहत होते. ती हसते आहे की रडते आहे, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. मेकॅनिक दुसरीकडे बघत घमेल्याभोवतीचे तेल पुसत राहिला.

गेल्या कितीतरी आठवड्यांत त्या घरात तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या सकाळी एकच गोष्ट केली होती. आज ती तिघांना एकत्र दिसली.

मग मेकॅनिक गंभीर झाला. "हे बघा, मी शब्द देत नाही. चकत्या भाजल्या असतील तर सपाटीवर कळायचं नाही. चढावर कळेल. निसटली, तर खोलावं लागेल. आणि खोलायचं म्हटलं तर मग हे काका म्हणतात तसं मोडीत दिलेली बरी. चढली, तर थोड्या दिवसांनी तेल बदलून घ्या, म्हणजे निश्चिंत."

लेक चालवण्याच्या जागेकडे वळली.

"तू इकडे बस," आई म्हणाली. "मी चालवते."

"आई, मागे घसरली तर?"

"तर ब्रेक दाबीन. मघाशी तू दाबलास तसा."

बाबा गेल्यापासून आई चढावर गेली नव्हती. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, अशक्त पाय नीट एका बाजूला ठेवला. काका मागे गठ्ठ्यांशेजारी अंग चोरून बसला. गाडी अंगणातून बाहेर पडली. दांडा खाचेत गेला आणि चकत्यांनी लगेच एकमेकींना धरले. हिसका नाही. मी नळीत बसून वाट बघत होते. सपाटी संपली. चढ लागला. इंजिनाचा आवाज वाढला आणि त्याबरोबर वेगही वाढला. पंपाच्या हाती आता बुडबुडे नव्हते, तेल होते. ते जिथे दाबायचे तिथे दाबत होते. मघाशी जिथे गाडी घसरली होती ती जागा आली. आईने पाय जराही उचलला नाही, जास्त दाबलाही नाही. ती जागा मागे पडली. काका मागून म्हणाला, "वहिनी, चढतेय गं!" आणि आई म्हणाली, "मला दिसतंय. गठ्ठा पडेल, तो धर."

वर वाचनालयाच्या दारात आईने गाडी उभी केली. काका गठ्ठे उचलून आत नेऊ लागला. दुसऱ्या खेपेला तो गाडीपाशी थांबला, फोन काढला आणि सोमवारच्या त्या माणसाला म्हणाला, "नाही, येऊ नका. गाडी विकायची नाही. … काही नाही झालं हो तिला. आम्हालाच झालं होतं."

लेक आईच्या बाजूला बसून होती. माझा समज होता की ती आता पुन्हा चौथ्या मजल्याचे काढील. तिने विचारले, "परत न्यायची फाटकी पुस्तकं कुठे ठेवलेली असतात?"

"आत, डाव्या हाताला. का?"

"आणते."

ती एकटीच गेली आणि छातीला धरून एवढा मोठा गठ्ठा घेऊन आली. आईने दार न उघडता काच खाली करून सर्वांत वरचे पुस्तक उचलले, त्याचा मोडका कणा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "हे होईल."

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे. एक दिवस ही गाडी थकेल आणि तिच्याबरोबर मीही मोडीत जाईन. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे. गाडीची काळजी घ्या. तिचे तेल योग्य वेळी, योग्य रीतीने बघा. ज्याला माहीत आहे त्याच्याकडून शिकून घ्या, आणि तो आहे तोवर शिकून घ्या. तो वाकलेला दिसला की जवळ जाऊन विचारा, की तुम्ही याआधी कुठे जाऊन आलात?

आणि कधी तुमच्या घरातले कुणी गेले, तर उरलेल्या माणसांपासून आपली काळजी लपवू नका. आपण केलेले एवढेसे काम सांगून कुणाला त्रास होत नाही. मी काडीच आहे, मला माणसांतले फारसे कळत नाही. पण पोटात एवढे ओझे घेऊन उभे राहणे काय असते ते मला कळते. ओतणाऱ्या हाताला हे ठाऊक असावे, की आत्ताच दुसरा एक हात ओतून गेला आहे.

आमच्या घरात आता ज्याच्या हाती मी लागते तो आधी मोठ्याने हाक मारतो. लेक आपल्या शहरात असली तर आई तिला फोनवर सांगते, "फिरवून आणली. बघितली. बरोबर आहे, काही घालू नकोस." लेक म्हणते, "मी तिकडून काय घालणार, आई?" आणि दोघी मग बराच वेळ, माझ्याविषयी नसलेले, काहीबाही बोलत राहतात.